विश्लेषण : धान्यातली कीड गॅसला का जुमानेना? फॉस्फीनला पर्याय कोणते, आणि रायगडच्या दमट हवेत त्यातले काय चालेल?

पाऊस सुरू होऊन महिना झाला की रायगडच्या किनारपट्टीवर धान्याचे डबे उघडताना जरा धाकधूकच असते. तांदळात सोंडे, रव्यात जाळी, वालाच्या दाण्याला गोल भोक. घरचे पाच-दहा किलो धान्य पाखडून, निवडून वापरता येते. पण हीच कीड पनवेलजवळच्या कळंबोलीत, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात, हजारो पोत्यांच्या थप्पीत शिरली तर सूप घेऊन बसता येत नाही. तिथे गॅस सोडावा लागतो.

गेली अनेक दशके हा गॅस म्हणजे फॉस्फीन. स्वस्त, वापरायला सोपा आणि धान्यात नगण्य अवशेष ठेवणारा. अडचण अशी की, काही किडी आता या गॅसमध्येही तग धरू लागल्या आहेत, आणि त्याच्या जागी बसेल असा दुसरा गॅस तयार नाही. पर्याय आहेत, पण प्रत्येकाला काही ना काही अट चिकटलेली आहे.

मुळात गॅसच का लागतो?

आपल्याला डब्यात दिसतो तो प्रौढ सोंडा. त्याची मादी तांदळाच्या दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्यातच वाढते, कोषही आतच होतो आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात नवा सोंडा दाणा पोखरून बाहेर येतो. म्हणजे डब्यात दहा सोंडे दिसले तर त्याहून कितीतरी जास्त दाण्यांच्या पोटात दडलेले असतात. गोदामात मॅलॅथिऑन किंवा डेल्टामेथ्रिनची फवारणी होते ती भिंतींवर, जमिनीवर आणि थप्पीच्या बाहेरून. फिरत्या किडीला अटकाव करायला ती ठीक. दाण्याच्या आतपर्यंत पोहोचतो तो फक्त गॅस.

सोंड्याशिवाय बाकीची मंडळीही आहेत. पिठात आणि रव्यात फिरणारा तांबडा भुंगेरा, दाणे पोखरून पीठ पाडणारा लहान काळपट भुंगेरा, कडधान्यांवरचा भुंगा, भातावरचा पतंग आणि सगळ्यात चिवट असा खापरा भुंगेरा.

रायगडचा शेतकरी पूर्वापार तांदूळ साठवत नाही, भात साठवतो. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की कोकणात ‘भात’ म्हणजे सालासकटचे धान्य. कणगीत भात ठेवायचे आणि लागेल तसे गिरणीतून भरडून आणायचे, या रीतीमागे शास्त्र आहे. साल अखंड असेल तर सोंड्याला आत शिरणे अवघड जाते. पण मळणीत साल फुटलेले दाणे, तसेच पतंग आणि दाणे पोखरणारा भुंगेरा यांच्यापुढे हे कवच पुरे पडत नाही. आणि रेशनवर, दुकानात, मॉलमध्ये मिळतो तो तर सडलेला, पॉलिश केलेला तांदूळ. किडीसाठी वाढून ठेवलेले ताटच.

एका गोळीवर उभी असलेली व्यवस्था

फॉस्फीन थेट सिलिंडरमधून येत नाही, निदान आपल्याकडे बहुतांश ठिकाणी नाही. तो येतो ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या राखाडी गोळीतून. ३ ग्रॅमची गोळी हवेतली वाफ शोषते, रासायनिक क्रिया होते आणि साधारण १ ग्रॅम फॉस्फीन बाहेर पडतो. उरते ती राखेसारखी पूड. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर प्लास्टिकचे जाड आच्छादन टाकतात, जमिनीलगतच्या कडा वाळू भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबतात आणि आत टनामागे साधारण ३ गोळ्या ठेवतात. मग आच्छादन आठवडाभर हलवायचे नाही.

१९५० च्या दशकापासून ही पद्धत जगभर पसरली. कारण उघड आहे. वीज नको, यंत्र नको, गोळ्या कुठेही नेता येतात. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतला तांदूळ आणि गहू महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ गोदामात राहतो. तो खाण्यालायक राहतो त्यामागे या गोळीचा वाटा फार मोठा आहे. आपण रेशनच्या तांदळाला नावे ठेवतो, पण तो ज्या साखळीतून येतो तिचा किडीविरुद्धचा मुख्य आधार हा एकच आहे, हे क्वचितच बोलले जाते.

किडीने उत्तर कसे शोधले?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरातून साठवणुकीतल्या किडींचे नमुने गोळा करून तपासले. त्यातल्या सुमारे १० टक्के नमुन्यांत फॉस्फीनला प्रतिकार आढळला. तेव्हा प्रमाण कमी होते आणि प्रतिकारही सौम्य. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशातल्या गोदामांतून खरी धोक्याची घंटा वाजली. तिथे नीट न झाकलेल्या थप्प्यांना वारंवार धुरी दिली जात होती आणि किडी वाचत होत्या. त्यानंतर भारत, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतून तशीच निरीक्षणे आली.

हे तपासतात कसे? चाचणी साधी आहे. किडे एका बंद भांड्यात ठेवायचे आणि ठरावीक मात्रेचा फॉस्फीन २० तास द्यायचा. तांबड्या भुंगेऱ्यासाठी ही मात्रा लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम आहे. मग किडे बाहेर काढून दोन आठवडे वाट पाहायची. साधा किडा मरतो. जो जगला तो प्रतिकारक्षम.

पेशींच्या पातळीवरचा उलगडा व्हायला मात्र २०१२ उजाडले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की प्रतिकारामागचा एक मुख्य जनुक पेशीतल्या ऊर्जानिर्मितीशी संबंधित विकराचा आहे. फॉस्फीन किडीच्या श्वसनक्रियेलाच वेठीला धरतो. त्या विकराची घडण किंचित बदललेली असेल तर गॅसचा घाव हुकतो. दोन जनुकांतले बदल एकाच किड्यात एकत्र आले की प्रतिकार शेकडो पटींनी वाढतो. भारतातल्या किडींवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विकराचा असा एक बदललेला प्रकार आपल्याकडे पसरल्याचे दिसले, जो तोवर वनस्पती, प्राणी किंवा बुरशी अशा कुठल्याच प्रगत पेशींच्या सजीवात आढळला नव्हता. म्हणजे हा प्रश्न बाहेरून आयात झालेला नाही, तो आपल्याच गोदामांत घडला आहे.

दोष गॅसचा की आच्छादनाचा?

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला हा सगळा प्रकार मूळचा गळतीचा वाटतो, आणि मला तरी तो तसाच वाटतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. थप्पीखाली गॅसचे प्रमाण दहा लाखात १,००० भाग इतके झाले. आच्छादनाला भोके आहेत, कडा नीट दाबलेल्या नाहीत आणि रोज निम्मा गॅस निसटतो आहे. दुसऱ्या दिवशी ५००, मग २५०, १२५, ६२ आणि पाच दिवसांनी जेमतेम ३१. कागदावर धुरी आठवडाभराची झाली, पण मारक मात्रा राहिली दोन-तीन दिवस. त्यात अशक्त किडी मेल्या. काटक उरल्या, त्यांचीच वीण वाढली. पुढच्या धुरीला पुन्हा तेच. अशा वीस-पंचवीस फेऱ्यांत आपण आपल्या हाताने निवडक पैदास केली.

यावर साहजिक उपाय सुचतो तो गोळ्या वाढवण्याचा. इथेच फॉस्फीन इतर विषांपेक्षा वेगळा वागतो. त्याच्या बाबतीत मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. अंडी आणि कोष या अवस्था गॅसला बऱ्याच सहनशील असतात. अंड्यातून अळी बाहेर येईपर्यंत, कोषातून भुंगेरा होईपर्यंत गॅस टिकून राहिला तरच ती पिढी सापडते. शिवाय एकदम दाट गॅस मिळाला तर किडे गुंगीत जातात, त्यांचे श्वसन मंदावते आणि विषही कमी शोषले जाते. दुप्पट गोळ्या टाकून निम्म्या दिवसांत काम उरकण्याचा हिशेब म्हणून चुकतो. मध्यम मात्रा, पण दहा-बारा दिवस न गळता टिकवलेली, हा मार्ग प्रतिकारक्षम किडींवरही बऱ्याच अंशी चालतो.

ऑस्ट्रेलियात धान्याची नवी सायलो हवाबंद आहे की नाही हे ठरवायला एक प्रमाणित चाचणी आहे. आत २५० पास्कल दाब निर्माण करायचा आणि तो निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पाच मिनिटांपेक्षा कमी लागला तर सायलो नापास. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याइतकीच ही साधी कल्पना आहे. आपल्याकडे पंजाबातले मोगा आणि हरियाणातले कैथल इथून रेल्वेने सुटा गहू आणून नवी मुंबईसारख्या ठिकाणी पोलादी सायलोत ठेवण्याची साखळी २००० च्या दशकातच उभी राहिली. अशा सायलोत गॅस पंख्याने खालून वर फिरवता येतो. पण देशातले बरेचसे धान्य अजून पोत्यांत आणि थप्प्यांतच आहे. केंद्राने ३१ मे २०२३ रोजी सहकार क्षेत्रात गावोगावी गोदामे बांधण्याची योजना मंजूर केली. त्या गोदामांची क्षमता टनात मोजली जाईलच. ती किती हवाबंद आहेत, हेही कुणीतरी मोजायला हवे.

न्हावा-शेवात दुसराच गॅस

रायगड जिल्ह्यात या विषयाची आणखी एक बाजू आहे. उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज ते देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. उरण, द्रोणागिरी, पनवेल पट्ट्यातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत परिसरातली असंख्य मुले काम करतात. त्यांनी एक गोष्ट रोज पाहिलेली असते. लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि बाजूला ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ ही अक्षरे. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केले आहे. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली आहे.

मिथाइल ब्रोमाइड हा फॉस्फीनच्या आधीचा मातब्बर गॅस. २४ तासांत काम फत्ते, आणि फॉस्फीनला दाद न देणारी कीडही यात मरते. मग प्रश्न सुटला असे का नाही? कारण हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात १९९२ च्या कोपनहेगन दुरुस्तीने त्याचा समावेश झाला. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत तो थांबवायचा ठरले. सूट राहिली ती फक्त विलगीकरणासाठी, म्हणजे एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून मालवाहतुकीआधी दिल्या जाणाऱ्या धुरीसाठी. युरोपीय संघाने २०१० मध्ये तीही सूट बंद केली.

त्यामुळे चित्र विचित्र झाले आहे. बंदरावरच्या कंटेनरला जो गॅस चालतो, तो काही किलोमीटरवरच्या रेशनच्या गोदामाला चालत नाही. डाळींच्या आयातीत तर यावरून भारत आणि कॅनडा यांच्यात वर्षानुवर्षे ताणाताणी झाली. आपल्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार येणाऱ्या कडधान्याला निघतानाच मिथाइल ब्रोमाइडची धुरी हवी होती. कॅनडाचे म्हणणे, आम्ही हा गॅस बंद करतो आहोत आणि आमच्या थंडीत कीड तशीही जगत नाही. भारत सवलतीला मुदतवाढ देत राहिला. २०१७ मध्ये ती थांबवायची म्हटल्यावर धुरी भारतीय बंदरात आल्यावर द्यायची आणि तपासणी शुल्क पाचपट भरायचे, असा मार्ग निघाला. थोडक्यात, श्रीमंत देशांनी नको म्हटलेला गॅस आपल्या बंदरांत वापरला जात राहिला. मला तरी ही सोय फार काळ टिकण्यासारखी वाटत नाही.

निर्यातीच्या बाजूला भीती आहे ती खापरा भुंगेऱ्याची. हा मूळचा भारतीय उपखंडातला. त्याची अळी उपासमार झाली तर सुप्तावस्थेत जाते आणि भिंतीच्या फटीत, कंटेनरच्या लाकडी तळाखाली वर्षानुवर्षे पडून राहू शकते. सुप्तावस्थेत श्वसन मंद, त्यामुळे फॉस्फीनही फारसा लागू पडत नाही. २०२० नंतर ऑस्ट्रेलियाने या एका किड्यासाठी कंटेनरबाबत तातडीचे नियम आणले, यावरून त्याची दहशत लक्षात यावी.

सल्फ्युरिल फ्लोराइड : प्रभावी, पण अंड्यांपुढे कमी पडणारा

सध्या मोठ्या प्रमाणावर फॉस्फीनची जागा घेऊ शकेल असा गॅस म्हणून याचेच नाव पुढे येते. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून घरांतल्या वाळवीवर तो वापरतात. तिथे आख्खे घर तंबूत गुंडाळलेले फोटो अनेकांनी पाहिले असतील. धान्य आणि गिरण्यांसाठी तिथे त्याला २००४ पासून मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियात एक चपटा भुंगेरा फॉस्फीनला अजिबात दाद देईना, तेव्हा २०१० च्या सुमारास मोठ्या साठ्यांत हा गॅस आणला गेला. तिथली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. फॉस्फीन बंद केला नाही. जिथे प्रतिकारक्षम कीड सापडली तिथे मध्येच एक फेरी सल्फ्युरिल फ्लोराइडची दिली आणि पुन्हा फॉस्फीनवर आले. दोन्ही गॅस किडीला वेगवेगळ्या मार्गांनी मारतात, त्यामुळे एकाला सरावलेली कीड दुसऱ्यात सापडते.

उणिवा तीन. अंड्यांवर तो कमी प्रभावी आहे, म्हणून मात्रा किंवा वेळ वाढवावी लागते. धान्यात फ्लोराइडचा अंश राहतो, आणि यावरून अमेरिकेत २०११ मध्ये पर्यावरण संस्थेने अन्नावरचा वापर मागे घेण्याचा प्रस्तावही मांडला होता, जो पुढे बारगळला. तिसरी उणीव हवामानाची. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण वातावरणात तीन दशकांहून अधिक काळ टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या चार हजारांहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. ओझोनसाठी एक गॅस काढायचा आणि तापमानवाढीचा दुसरा आणायचा, हा व्यवहार कुणालाच मनापासून पटलेला नाही. पावसाचे गणित बिघडल्याचा फटका खाणाऱ्या कोकणाला तर नाहीच.

मैसूरची जुनी कल्पना

इथाइल फॉर्मेट हे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसते, पण वास ओळखीचा असतो. फळांत, रममध्ये तो नैसर्गिकरीत्या असतो. धान्याच्या धुरीसाठी तो सुरक्षित ठरू शकतो असे मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच मांडले होते. तो काही तासांत किडे मारतो, नंतर विघटित होऊन निघून जातो आणि ओझोनशी त्याचे वैर नाही. पुढे ऑस्ट्रेलियात कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळलेले त्याचे सिलिंडर बाजारात आले. हे मिश्रण मुद्दाम केलेले आहे, कारण निव्वळ इथाइल फॉर्मेट पेट घेतो.

अडचण अशी की धान्य हा गॅस स्पंजासारखा शोषून घेते. सुकामेवा, फळांचे खोके, कंटेनर यांसाठी तो उत्तम. ५-१० मीटर उंच थप्पीच्या मध्यापर्यंत पोहोचायला मात्र बरीच मात्रा लागते आणि खर्च वाढतो. न्हावा-शेवासारख्या ठिकाणी, जिथे माल कंटेनरच्या आकारात येतो आणि प्रत्येकाला घाई असते, तिथे त्याचा उपयोग अधिक, हे माझे मत. फॉस्फीनच्या सात दिवसांसाठी बंदरात कंटेनर अडवून ठेवणे कुणाला परवडत नाही.

गॅस विषारीच हवा असे कुठे आहे?

किडीलाही प्राणवायू लागतो. तो काढून घेतला तर ती मरते, आणि या उपायाला जनुक बदलून उत्तर शोधणे तिला फार जड जाते. चीनने आपल्या सरकारी कोठारांत नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर आणला आहे. हवेतून नायट्रोजन वेगळा करणारे यंत्र गोदामाबाहेर बसवायचे आणि आतले त्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर नेऊन दोन-तीन आठवडे टिकवायचे. कार्बन डायऑक्साइडचाही असाच वापर होतो, ६० टक्क्यांच्या वर, साधारण दोन आठवडे. यात कोकणाला एक फायदा आहे. हवा उबदार असली की किडीचे श्वसन जलद चालते आणि ती लवकर गुदमरते. थंड प्रदेशात हेच काम महिन्यावर जाते. पण पुन्हा तीच अट, गोदाम गळके नको.

गावपातळीवर याचे सोपे रूप म्हणजे हवाबंद पिशवी. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी चवळीसाठी तीन पदरी पिशवी तयार केली. आत प्लास्टिकचे दोन पदर, बाहेर विणलेली साधी गोणी. तोंड पिळून घट्ट बांधायचे. आतली कीडच प्राणवायू संपवते. त्यातला बारकावा गमतीचा आहे. भुंगा नुसता गुदमरून मरत नाही, तो तहानेने मरतो. कोरड्या दाण्यात पाणी नसते, ते तो श्वसनातून स्वतः तयार करतो. प्राणवायू कमी झाला की पाणीही बंद.

रायगडच्या वालाला ही पिशवी चांगली लागू पडेल असे मला वाटते. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर येणारा वाल, आणि त्यावर पडणारा भुंगा, चवळीच्या भुंग्याच्याच जातकुळीतला. आपल्याकडे वाल राखेत घोळवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. राख फटी भरते आणि किडीच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, म्हणजे तीही तिला सुकवूनच मारते. पिशवीचे काम तसेच, फक्त राख धुवायची कटकट नाही. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि उंदीर मात्र प्लास्टिकला भोक पाडू शकतात, हे धरूनच चालावे.

दमट हवेचा अडसर

वरचे सगळे पर्याय एका गोष्टीपाशी येऊन अडतात आणि कोकणात ती टाळता येत नाही. ओलावा. धान्य साठवायचे तर त्यात साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या आत पाणी हवे. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा ८५-९० टक्के आर्द्र असते आणि उघड्या पोत्यातला तांदूळ ही वाफ ओढून घेतो. ओले धान्य हवाबंद केले तर कीड मरेल, पण बुरशी आणि आंबूस वास येईल. लोखंडी कोठी आणली तर खाऱ्या वाऱ्याने तिला दोन-तीन पावसांत गंज धरतो. म्हणूनच कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताच्या नवनव्या जाती तयार होत असताना, कापणीनंतर भात वाळवायची सामायिक सोय गावात आहे का, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पावसात भिजलेला भात ज्यांनी रस्त्यावर पसरून वाळवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि घरात? गोळ्या अजिबात नकोत

धान्यात ठेवायची म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरात आणणे हा जिवावरचा खेळ आहे. कायद्यानेही ती सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरती मर्यादित आहे. १० आणि २० गोळ्यांच्या सुट्या नळ्यांवर केंद्राने २००१ मध्ये बंदी घातली. हा गॅस शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर फटीतून पोहोचतो आणि त्याला उतारा नाही. कुजक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला, डोके दुखू लागले, मळमळ झाली तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यायचे आणि रुग्णालय गाठायचे. वास आला नाही म्हणजे गॅस नाही असेही नाही, शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. हेच कंटेनर उघडणाऱ्या कामगारांनाही लागू आहे. दारावर धुरीची सूचना असेल तर मीटरने तपासल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, मुकादम कितीही घाई करो.

पाऱ्याच्या गोळ्या अजूनही काही किराणा दुकानांत मिळतात. पारा हे विष आहे, अन्नात त्याला जागा नाही. कडुनिंबाचा पाला, वेखंड, बिब्बे यांनी किडे थोडे दूर राहतात, पण दाण्याच्या आतल्या अळीला त्याची खबरही लागत नाही. एरंडेल चोळणे मात्र कामाचे आहे, विशेषतः कडधान्याला. तेलाच्या थराने दाण्यावर घातलेल्या अंड्यांची हवा बंद होते. डाळी आणि कडधान्ये मे महिन्याच्या कडक उन्हात काळ्या प्लास्टिकवर पसरून झाकली तर आतली कीडही मरते, कारण ५० अंशांच्या पुढे तिला फार वेळ काढता येत नाही. तांदूळ असा तापवू नये, दाणा तडकतो. रवा, पीठ आणि थोडासा तांदूळ असेल तर हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा, मग कोरड्या डब्यात भरावा. आणि पावसाळ्यापुरते तरी वर्षाचे धान्य एकदम भरण्याऐवजी महिन्याचे आणावे. जुन्या धान्यावर नवे ओतायचे नाही. आधीचा डबा रिकामा करून, कोपऱ्यातली पूड पुसून, उन्हात ठेवूनच पुढचे भरायचे.